चार, नऊ, चौदा आणि एक रविवार

घरात चार, नऊ आणि चौदा वर्षांची मुलं असली की शनिवारी रात्री ‘उद्या कुठे जायचं?’ या प्रश्नाला तीन उत्तरं येतात. धाकट्याला घसरगुंडी हवी असते, मधलीला किल्ला नाहीतर प्राणी, आणि मोठ्याला घरीच थांबायचं असतं. तिन्ही मुलं एकाच घरातली असतात असंही नाही. दिवाळीत आत्याची मुलं येतात, मे महिन्यात मामाकडे सगळी भावंडं जमतात, शेजारची एक-दोन बरोबर निघतात. वयातलं अंतर तेच राहतं. मग दमलेले आईवडील गाडी मॉलकडे वळवतात. तिथे धाकटा रंगीत चेंडूंच्या हौदात, मधली खेळाच्या मशीनसमोर, मोठा कोपऱ्यात मोबाईल घेऊन. तिघं एकाच इमारतीत असतात, पण एकमेकांबरोबर नसतात, आणि खर्च मात्र तिघांचा होतो.

यातून बाहेर पडायचं तर सगळ्यांना सारखीच आवडेल अशी जागा शोधणं आधी सोडून द्या. ती सापडत नाही. त्याऐवजी एकाच आवारात तीन वयांना तीन वेगळी कामं मिळतील अशी जागा बघा. मुलांना नुसतं ‘बघायला’ नेलं की अर्ध्या तासात ‘घरी कधी जायचं?’ सुरू होतं. हाताला काम असलं की तीच मुलं जागची हलत नाहीत. हे चारच्या मुलालाही लागू आहे आणि चौदाच्यालाही.

जागा मोठ्याचं वय बघून ठरवावी आणि वेळ धाकट्याचं. बहुतेक घरांत बरोबर उलटं होतं. धाकट्यासाठी बाग निवडली जाते, आणि ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ म्हणत मोठी माणसं दिवस रात्रीपर्यंत ताणतात. चार वर्षांच्या मुलाला वाळू, खडे, पाणी, जिना, मुंग्या यांतलं काहीही पुरतं. नावाजलेल्या जागेचं त्याला अप्रूप नसतं. पण दोन-अडीच तासांनी तो दमतो, त्याला भूक लागते, झोप येते, आणि मग जागा कितीही सुंदर असली तरी तो रडतो. चौदाच्याचं वेगळं. त्याचे पाय दिवसभर चालतील, पण डोक्याला खाद्य नसेल तर त्याचं मन पाच मिनिटांत उडतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोठ्या मुलाला, आणि खरं तर बहुतेक वेळा मोठ्या मुलीला, सहलीत धाकट्याची आया करू नका. ‘तू त्याचा हात धर, आम्ही तिकिटं काढतो’ हे एकदा ठीक. दिवसभर तेच झालं तर पुढच्या वेळी ती घरी थांबायला कारण शोधणारच. तिला जबाबदारी जरूर द्या, पण तिच्या बुद्धीला साजेशी : रस्ता काढणं, वेळ सांभाळणं, पैशांचा हिशेब, कुठे जेवायचं याचा निर्णय. आणि तिने ठरवलेलं मोठ्यांनी पाळायचंही.

तिथीची पाऊणपट

हे सगळं एका ठिकाणी जुळून येतं ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर. किल्ला समुद्रात आहे. भरतीला त्याच्या चारी बाजूंनी पाणी असतं, ओहोटीला किनाऱ्यावरून पायी जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. मुंबईकरांना गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याची लाँच तासाभरात पलीकडे नेते, तिथून बसने अलिबाग. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे. गेटवेची लाँच पावसाळ्यात बंद असते. बोटीचा प्रवास हीच धाकट्याची अर्धी सहल. मागे लागणारे समुद्रपक्षी बघण्यात त्याचा तास कसा जातो कळत नाही.

ओहोटी कधी आहे हे काढायचं काम मोठ्याला द्या, तेही दोन दिवस आधी. कोकणात एक जुना ठोकताळा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पाणी सगळ्यात मागे गेलेलं असतं, म्हणजे चतुर्थीला सकाळी सव्वानऊच्या आसपास. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे. तिथी तर भिंतीवरच्या कोणत्याही कॅलेंडरवर असते. पाऊणपटच का, हे त्यालाच शोधू द्या. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, एवढी किल्ली पुरे. सातवीच्या भूगोलातलं भरती-ओहोटीचं प्रकरण त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं.

ठोकताळा तो ठोकताळाच. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते. म्हणून इंटरनेटवरचं भरतीचं वेळापत्रक बघून ताळा करायला सांगा, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर घोडागाडीवाल्यांना विचारल्याशिवाय पाण्याकडे पाऊल टाकू नका. त्यांना तिथलं पाणी रोजचं माहीत असतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. ते फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, त्यामुळे किल्ल्यापर्यंतची वाट पुरती उघडी पडेलच असं नाही. लहान मूल बरोबर असेल तर द्वितीया ते पंचमीची सकाळ उत्तम. मुंबईहून त्याच दिवशी जाऊन यायचं असेल तर द्वादशी-त्रयोदशीची दुपार बघा, कारण तेव्हा ओहोटी तीन-चारच्या सुमाराला येते. नियम एकच : पाणी उतरत असताना निघायचं आणि चढायला लागण्याआधी किनाऱ्यावर परत यायचं. मोठ्याने ‘निघायचं’ म्हटलं की गणपतीच्या देवळात टेकलेल्या आजीनेही उठायचं.

नऊ वर्षांच्या मुलीला तटाजवळ न्या आणि दगडांच्या फटीत बोट घालायला सांगा. या तटाचे दगड नुसते एकावर एक रचले आहेत, सांध्यात चुना नाही. का नसेल? लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर मोडतो आणि तट टिकतो. हे आपण सांगण्याआधी तिला दोन-तीन तर्क करू द्या. मग किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचा तलाव दाखवा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे गोडं कसं, हा पुढचा प्रश्न तिचा तीच विचारते. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवरची अक्षरं मोठा वाचेल. यॉर्कशायरची तोफ अलिबागला काय करते, या एका प्रश्नावर परतीच्या बोटीत गप्पा रंगतात.

आणि धाकटा? त्याला किल्ल्यापर्यंत घाईने ओढत नेऊ नका. ओल्या वाळूवर त्याची जत्रा आधीच भरलेली असते. वाळूत बारीक भोकं दिसतात आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या असतात, मधून निघालेल्या किरणांसारख्या ओळींत. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाणं चाळून काढतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. आपली सावली पडली की तो भोकात गडप होतो. मुलाला शेजारी उकिडवं बसवा आणि हलायचं नाही असं सांगा. मिनिटभरात आधी दोन डोळे वर येतात, मग पाय, आणि गोळ्यांचं काम पुन्हा सुरू. चार वर्षांचं मूल एक मिनिट गप्प बसत नाही असं आपण म्हणतो. इथे ते पाच मिनिटं बसतं. या ठिकाणी बहुतेक वेळा बाकीची दोघंही येऊन उकिडवी बसतात, आणि त्यांना कोणी बोलावलेलं नसतं.

जिवंत काही उचलायचं नाही आणि घरी न्यायचं नाही, हे मात्र निघण्याआधीच सांगून ठेवावं. रिकामा वाटणारा शंखसुद्धा तपासून बघा. पुष्कळदा त्यात भाडेकरू खेकडा राहत असतो.

अलिबागला जाणं जमत नसेल तर मुंबईतच गिरगाव, हाजी अली, जुहू इथल्या खडकाळ पट्ट्यांत ओहोटीला छोट्या डबक्यांमधून समुद्रफुलं, खेकडे, गोगलगायी दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाचे जाणकार स्वयंसेवक २०१७ पासून लोकांना अशा फेऱ्यांना नेत आले आहेत. शेवाळलेल्या खडकावर चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट हवेत.

आजीकडे गाईडचं काम

ऊन किंवा पाऊस असेल तर संग्रहालय. इथे पालक हमखास चुकतात, कारण पहिल्या दालनापासून शेवटच्यापर्यंत सगळं दाखवायचं ठरवून जातात.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलांसाठी मला सगळ्यांत चांगलं वाटतं, कारण तिथे राजेरजवाड्यांपेक्षा घर जास्त आहे. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या, दौती, वज्री, भांडी, वाद्यं, बाहुल्या, कोरीव दरवाजे जमवले, आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी पुढे राज्य सरकारला देऊन टाकला. त्यातला काही भागच एका वेळी मांडलेला असतो.

इथे धाकट्याचं काम : प्राणी शोधणं. दिव्यावर मोर, अडकित्त्यावर घोडा, कुठे हत्ती, कुठे पोपट. त्याला कडेवर घ्यावं लागतं, कारण काचेची कपाटं त्याच्या उंचीची नसतात. ही तयारी बाबांनी ठेवावी. मधलीशी ‘हे कशासाठी?’ हा खेळ खेळायचा : पाटी न वाचता वस्तू ओळखायची आणि मग पाटी बघायची. पाय घासायच्या वज्रीसमोर शहरी मुलं तर्क करून थकतात. मोठ्याला सांगा की अख्ख्या संग्रहालयातली एकच वस्तू निवड आणि तिचं चित्र काढ. फोटो नको, चित्रच. जुन्या कुलपाचं चित्र काढताना किल्ली कुठून आत जाते, खिटी कशी सरकते, हे बघावंच लागतं, आणि वीस मिनिटं तो एका जागी रमतो. चित्रकलेची आवड नसेल तर मस्तानी महालाकडे पाठवा. तो कोथरूडहून सोडवून आणून इथे पुन्हा उभा केला आहे. एखादी इमारत सुटी करून परत जोडायची तर काय काय करावं लागेल, याचा विचार करायला त्या वयाच्या मुलांना आवडतं.

मात्र इथे खरी गरज आहे ती आजीची. अडकित्ता तिने वापरलेला असतो, फणीकरंड्याची पेटी तिच्या आईची असते, पितळी डबा कसा लख्ख करायचा हे तिला माहीत असतं. एरवी सहलीत आजी-आजोबांना ‘तुम्ही इथे बाकावर बसा, आम्ही येतो’ असं सांगितलं जातं. इथे त्यांना पुढे करा. पाटीवर दोन ओळी असतात, आजीकडे त्या वस्तूची गोष्ट असते. सव्वा-दीड तासात बाहेर पडा, अर्धी दालनं राहिली तरी चालेल. राहिलेल्यासाठी मुलं पुन्हा येतील.

पुण्यातच, डोकं न शिणवता दोन तास घालवायचे असतील तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ पासून सुरू असलेल्या या ठिकाणी सिग्नल, पूल, बोगदे असलेलं छोटं शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या बघायला मिळतात. धाकटा गाड्यांमागे असतो, मोठा त्या एकमेकींना धडकत का नाहीत या विचारात. सारसबागेजवळच्या पेशवे उद्यानातली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी १९५६ पासूनची. ती अजूनही आजोबा-नातवंडांनी एकत्र बसण्याजोगी आहे. ऊन उतरल्यावर पर्वती चढा आणि पायऱ्या तिघांना वेगवेगळ्या मोजायला सांगा. तीन आकडे वेगळे येतात आणि मग पुन्हा मोजायचा हट्ट होतो.

दोन तुकड्या

किल्ल्यावर सगळ्यांनी एकत्र चढलंच पाहिजे असं काही नाही. सिंहगडाचं उदाहरण घ्या. पुण्याहून पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते, आणि वरपर्यंत गाडीरस्ता आहे. मोठा आणि मधली बाबांबरोबर (किंवा आईबरोबर, तिला चालायची हौस असेल तर) आतकरवाडीच्या पायवाटेने वर जातील. रमतगमत गेलं तर सव्वा-दीड तास. धाकटा आणि आजी-आजोबा जीपने वर. भेटायचं देवटाक्यापाशी. वेळ आणि जागा निघण्याआधी नक्की करून ठेवा, कारण डोंगरात फोनला रेंज असेलच असं नाही.

या युक्तीत चौदाच्या मुलाचा मान राहतो. त्याला चारच्या पावलाने चालावं लागत नाही, आणि वर पोचल्यावर सगळे एकत्र. नऊच्या मुलीला मोठ्यांच्या तुकडीत घेतल्याचा जो अभिमान असतो, तो तिला शेवटच्या चढापर्यंत नेतो. गडावर मग तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक, राजाराम महाराजांची समाधी, कल्याण दरवाजा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कड्यावरून चढून आले ही गोष्ट पुस्तकातून माहीत असते. कड्याच्या अलीकडे सुरक्षित उभं राहून खाली बघितलं की ती वेगळी कळते. गोष्ट सांगायचं काम मोठ्याला द्या, पण आदल्या रात्री वाचून यायला सांगा. भावंडांना आईवडिलांनी सांगितलेल्या इतिहासापेक्षा दादाने सांगितलेला जास्त खरा वाटतो.

जेवण गडावरच : पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. धाकट्यासाठी मऊ काही घरून न्या, कारण ठेचा आणि झणझणीत पिठलं त्याला झेपत नाही. रविवारी सकाळी नऊनंतर घाटात गाड्यांची रांग लागते. सहाला घर सोडलंत तर बारापर्यंत खाली येता, आणि धाकट्याची दुपारची झोप घरच्या गादीवर होते. किल्ल्यांवर आग्या मोहोळं असतात. कड्याकपारीत दगड मारणं, धूर करणं, मोठ्याने आरडाओरडा, उग्र अत्तर, हे सगळं टाळा.

हीच दोन तुकड्यांची पद्धत इतर ठिकाणीही चालते. कार्ल्याच्या लेण्यांना पायऱ्या आहेत, घारापुरीला धक्क्यापासून छोटी गाडी आणि मग पायऱ्या. कोल्हापूरकरांचा पन्हाळा तर अशा कुटुंबांसाठी सोयीचाच : गाडी वरपर्यंत जाते, अंबरखान्याच्या भल्या मोठ्या कोठारात मधलीला आवाजाचा खेळ सापडतो, आणि तीन दरवाजा, अंधारबाव बघायला मोठी पायी सुटतात.

पहाटेची गाडी

हिवाळ्यात एक रविवार भिगवणसाठी राखून ठेवा. पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्यात, नोव्हेंबर ते मार्चपर्यंत पाणपक्ष्यांची गर्दी असते. कुंभारगाव आणि डिकसळला स्थानिक मच्छीमार बोटीतून फिरवतात. पहाटे पाचला निघावं लागतं, पण मुलांना झोपेतच गाडीत ठेवलं तर त्याचा त्रास होत नाही. उठतात ती थेट पाण्याकाठी.

रोहित पक्ष्यांचा थवा उडाला की गुलाबी-काळे पंख एकदम उघडतात. त्यासाठी वयाची अट नाही. धाकट्याला ‘गुलाबी किती, पांढरे किती’ एवढं पुरतं. मधलीला दुर्बीण द्या आणि चोचीचे आकार काढायला सांगा, कारण चोच बघितली की पक्षी काय खातो ते कळतं. मोठा यादी करेल. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब त्या यादीत सापडला तर त्याला तो प्रवास नकाशावर काढायला सांगा. पक्षी उडवण्यासाठी थव्यात बोट घालू नका असं नावाड्याला आधीच सांगा. काही पर्यटक फोटोसाठी तसा आग्रह करतात, आणि ते योग्य नाही. लहान मापाची जीवरक्षक जॅकेट आहेत का हे विचारा. मोठ्या माणसाचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाच्या अंगातून पाण्यात निसटतं. मापाचं नसेल तर त्याने काठावर थांबावं, तिथूनही पुष्कळ दिसतं.

गोव्यात असाल तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा, तिथलं डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य खारफुटीत आहे आणि फेरीची मजा आधीच मिळते. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत धाकट्याला पेंग्विन, मोठ्यांना १८६१ पासूनची जुनी झाडं, आणि शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. बाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा आहे, त्या बेटाला पोर्तुगिजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच्यामुळे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात वयाचा प्रश्नच फारसा येत नाही, कारण तिथे बहुतेक गोष्टींना हात लावायचा असतो. नागपूरकरांसाठी रमण विज्ञान केंद्र तसंच. जोडून सोमवारची सुट्टी आली तर ध्यानात ठेवा : घारापुरी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतात.

डबा, पैसे, मोबाईल

डबा दोन प्रकारचा हवा : एक जेवणाचा, एक मधल्या वेळचा. मुलांची भांडणं वयामुळे कमी आणि भुकेने जास्त होतात, म्हणून मधल्या वेळचा डबा मोठ्या पिशवीच्या तळाशी ठेवू नका. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, केळी. हात बरबटणारं काही नको. पाणी घरून. धाकट्याचे कपड्यांचे दोन जोड आणि एक जुना पंचा. पंचा अंग पुसायला, सावलीला, झोपवायला, सगळ्याला लागतो.

स्वच्छतागृह कुठे आहे हे पोचल्याबरोबर बघून ठेवा. मोठ्या मुलीबरोबर जाताना याचा विचार जास्त करावा लागतो आणि तो तिच्याशी आधीच, मोकळेपणाने बोलून करावा. ‘पाणी कमी पी’ हा त्यावरचा उपाय नव्हे.

पैशांचं पाकीट मधलीकडे द्या. एका दिवसाची ठरावीक रक्कम, आणि हिशेब तिने वहीत लिहायचा. एसटीने गेलात तर गणित आणखी छान होतं : पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं, मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना फुकट. घरातल्या प्रत्येकाचं तिकीट वेगळं काढून बेरीज करायची, हा नऊ वर्षांच्या मुलीला साजेसा हिशेब आहे.

मोबाईलवर बंदी घालू नका, त्याला काम द्या. नकाशा, भरतीचं वेळापत्रक, पक्ष्याचं नाव शोधणं, हे मोठा मोबाईलवरच करेल. प्रवासात त्याला कानात गाणी ऐकायची असली तर ऐकू द्या. त्याचा एखादा मित्र बरोबर घ्यायला सांगितलंत तर तो नाही म्हणायची शक्यता निम्मी होते.

पाऊस सुरू झाला की धबधब्याचा मोह होतो. वेगळ्या वयांची मुलं बरोबर असताना वाहत्या पाण्यात उतरू नका, पाणी पायाच्या घोट्याएवढं असलं तरी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत चार मुलं होती. डोंगरात वर पाऊस पडला की खालचं पाणी काही मिनिटांत वाढतं, आणि तेव्हा एका मोठ्या माणसाला दोन हातांत दोनच मुलं धरता येतात. पावसाळ्यातले रविवार संग्रहालयांना द्या, नाहीतर पुण्याहून लोकलने लोणावळ्याला जा, डोंगर खिडकीतून बघा, गरम भजी खा आणि परत या.

घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर सहल ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ढकलू नका. या शनिवारी कॅलेंडरवर तिथी बघायला त्याला सांगा. दहावीचं वर्ष लागलं की रविवारी सकाळी क्लास असतो.